प्रोफाइल काढायचं तर कानापासून सुरुवात करा: पंधराव्या शतकातल्या इटलीची पद्धत, पायरीपायरीने

समोरून चेहरा काढायला घाबरणारी मंडळी बाजूने चेहरा, म्हणजेच प्रोफाइल, काढायला मात्र बिनधास्त बसतात. एकच डोळा, अर्धंच तोंड, कपाळापासून हनुवटीपर्यंत एक वळणदार रेघ, झालं काम. मग चित्र पुरं होतं, नाक हुबेहूब येतं, ओठही बरे येतात, आणि तरीही माणूस ओळखू येत नाही. याचं कारण बहुतेक वेळा पुढच्या रेघेत नसतंच. कान पुढे सरकलेला असतो, डोकं मागून कापल्यासारखं झालेलं असतं, मान सरळसोट उभी असते. कपाळ-नाक-ओठ-हनुवटी ही रेघ सगळ्यांचं लक्ष वेधून घेते, म्हणून ती सगळे मन लावून काढतात. मागचा भाग कुणी नीट बघतच नाही.

इटलीतल्या चित्रकारांनी हा प्रकार उचलला तो नाण्यांवरून. जुनी रोमन नाणी जमवायची हौस तेव्हाच्या दरबारांत आणि विद्वानांत होती, आणि त्या नाण्यांवर सम्राटाचं डोकं बाजूनेच असे. १४३८ साली बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पालिओलोगस धर्मपरिषदेसाठी फेरारात आला, तेव्हा चित्रकार पिझानेल्लोने त्याची रेखाटनं केली आणि त्यावरून ब्राँझचं पदक घडवलं: उंच टोकदार टोपी, अणकुचीदार दाढी आणि शुद्ध प्रोफाइल. पदकावर खोली अशी जवळजवळ नसतेच. साम्य आणायचं ते बाह्यरेषेतून आणि प्रमाणातून. ही शिस्त मग कागदावर आणि रंगवलेल्या फळीवरही आली. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने उर्बिनोचा राज्यकर्ता फेदेरिगो दा मोंतेफेल्त्रो याला डाव्या बाजूने रंगवलं, कारण १४५० साली एका द्वंद्वखेळात त्याचा उजवा डोळा गेला होता. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं ते चित्र बघा. नाकाच्या मुळाशी जवळजवळ काटकोनात तुटलेली खाच आहे, गालावर चामखिळी आहेत. डोळा लपवला, पण बाकी काही गुळगुळीत केलं नाही. पुढे १४७० नंतर तीनचतुर्थांश वळलेला चेहरा रूढ झाला आणि प्रोफाइल हळूहळू मागे पडलं. इतिहास एवढा पुरे.

पहिली पायरी: माणसाआधी नाणं

घरात कुठे जुना राणीछाप रुपया असेल तर काढा. व्हिक्टोरिया राणीचं डावीकडे बघणारं डोकं त्यावर आहे, आणि नाणं आहे जेमतेम तीन सेंटीमीटरचं. ते पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे पाचपट मोठं करून काढा. खिडकीतला उजेड एका बाजूने तिरका पडू द्या. नाणं हलत नाही, कंटाळत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यावर तिसरी मिती इतकी दाबलेली असते की तुम्हाला फक्त कडा आणि अंतरं बघावी लागतात. नाणं नसेल तर पिझानेल्लोच्या एखाद्या पदकाचा मोठा फोटो घ्या.

त्यानंतर एक नक्कल. माझी शिफारस विंडसरच्या राजसंग्रहातल्या लाल खडूच्या एका चित्राची: लिओनार्दो दा विंचीचं त्याच्या म्हातारपणीचं प्रोफाइल, त्याचा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी याने काढलेलं असं मानतात. मूळ कागद साधारण २७.५ बाय १९ सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा थोडासाच लहान. त्यामुळे मूळ मापातच नक्कल करता येते. दाढीच्या लाटांचा मोह आवरा. आधी कपाळ, नाक आणि कान यांतली अंतरं कंपासने मोजून कागदावर घ्या. नक्कल म्हणजे कमीपणा असं आपल्याकडे काहींना वाटतं. चौदाशेच्या सुमारास चित्रकलेची हस्तपुस्तिका लिहिणारा चेन्निनो चेन्निनी शिकाऊ मुलाला सांगतो की चांगल्या गुरूंच्या चित्रांवरून काढत राहा. लिओनार्दोनेही आधी गुरूंच्या चित्रांवरून, मग उठावाच्या वस्तूंवरून, मग जिवंत माणसावरून असाच क्रम लावला होता.

दुसरी पायरी: कागद आणि चांदीची तार

पंधराव्या शतकातली पुष्कळ रेखाटनं चांदीच्या टोकाने केलेली आहेत. साध्या कागदावर चांदी उमटत नाही, तिला किंचित खरखरीत अस्तर लागतं. चेन्निनी त्यासाठी कोंबडीची हाडं राखेपेक्षा पांढरी होईपर्यंत भाजून, बारीक वाटून, थुंकीत कालवून छोट्या लाकडी फळीवर चोळायला सांगतो. थुंकीची गरज नाही. आज पांढरा गौश, म्हणजे पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग, चालतो.

जाड कार्ट्रिज कागद किंवा गुळगुळीत हँडमेड कागद बोर्डावर चारही बाजूंनी टेप लावून ताणून घ्या. पांढऱ्या गौशमध्ये पाणी घालून दुधापेक्षा जरा दाट करा आणि रुंद मऊ ब्रशने एक हात द्या, आडवा. वाळल्यावर दुसरा, उभा. हवा असल्यास तिसरा. दोन हातांच्या मधे अगदी बारीक सँडपेपर हलकेच फिरवा. रंगीत अस्तर हवं असेल तर याच मिश्रणात चिमूटभर गेरू घाला, फिकट गुलाबीसर छटा येते. लोरेंझो दी क्रेदीची कितीतरी चित्रं अशा गुलाबी अस्तरावर आहेत. अस्तर जाड झालं तर तडकतं, पातळ राहिलं तर रेघ फिकी येते. कागदाच्या कडेला एक पट्टी चाचणीसाठी ठेवा. आणखी दोन सूचना: खत म्हणून मिळणारी हाडांची भुकटी यासाठी वापरू नका, ती भाजलेली नसते आणि तिच्यात चरबी असते. जुन्या पुस्तकांत सांगितलेला शिशाचा पांढरा रंगही घरी आणू नका, तो विषारी आहे.

तार सराफाकडे मिळते. शुद्ध चांदीची, सुमारे एक मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब. ती क्लच पेन्सिलीत बसवा किंवा बांबूच्या काडीत घट्ट खोचा. टोक सँडपेपरवर गोल फिरवून घासा. सुईसारखं टोकदार केलंत तर ते अस्तर ओरबाडेल. पहिली रेघ करडी दिसते. हवेतल्या गंधकाने ती काही महिन्यांत तपकिरी होते.

चांदीचे दोन गुण लक्षात ठेवा. दाबल्याने ती फारशी काळी होत नाही, आणि खोडता येत नाही. या दोन अडचणींमुळेच मी ती सुचवतोय असं समजा: हात आपोआप हलका होतो आणि डोळा रेघेच्या आधी काम करायला लागतो. तार मिळत नसेल तर टू-एच पेन्सिल याच अस्तरावर चालवा, पण खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा.

तिसरी पायरी: बसवणं

इथे घाई करू नका. निम्मं प्रोफाइल खुर्ची ठेवतानाच ठरतं.

तुम्ही आणि बसणारी व्यक्ती यांच्यात दोन ते तीन मीटर अंतर असू द्या. जवळून बघितलं की तुमच्याकडचा गाल आणि कान मोठे, नाक आणि मागचं डोकं लहान दिसतं. नाण्यावरचा चेहरा दुरून बघितल्यासारखा असतो, तीच गंमत इथे हवी. तुमचे डोळे आणि त्यांचे डोळे एका पातळीवर आणा, लागलंच तर खुर्चीखाली पाट घाला.

आता प्रोफाइल खरं आहे का ते तपासा. पलीकडच्या डोळ्याच्या पापणीचे केस नाकाच्या मुळामागून डोकावत असतील तर चेहरा तुमच्याकडे वळलाय. पलीकडची भुवई अजिबात दिसत नाही पण अलीकडचा गाल अवाढव्य वाटतोय, तर तो तुमच्यापासून दूर वळलाय. समोरच्या भिंतीवर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्याच्याकडे बघायला सांगा. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड साधारण एका आडव्या रेषेत आली की डोकं सरळ आहे. माणसं चित्रासाठी बसली की नकळत हनुवटी उचलतात. दहा मिनिटांनी ती खाली येते आणि तुमचं नाक चुकतं. म्हणून ही आडवी रेषा पुन्हा पुन्हा तपासा. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर टेपच्या खुणा करा आणि वीस-वीस मिनिटांनी उठू द्या.

उजेड समोरून आणि थोडा तुमच्या बाजूने यावा, म्हणजे चेहऱ्याची पुढची कड उजळ राहील आणि जबड्याखाली, कानामागे सावली जाईल. मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर. उजव्या हाताने काढणाऱ्यांना डावीकडे बघणारा चेहरा सोपा जातो, कारण मनगट त्या वळणांना साथ देतं. डावखुऱ्यांनी उलटं बसवून बघावं.

मोबाइलवर फोटो काढून ठेवायला माझी हरकत नाही, पण फोटोही तेवढ्याच अंतरावरून आणि झूम करून काढा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोवरून प्रोफाइल शिकू नये.

चौथी पायरी: चौकट आणि तीन भाग

कोळशाच्या मऊ काडीने, अगदी पुसट, १५ बाय १५ सेंटीमीटरचा चौरस काढा. बहुतेक प्रौढ माणसांचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढं उंच असतं, जवळजवळ तेवढंच नाकाच्या टोकापासून मागच्या फुगवट्यापर्यंत खोल असतं. सगळ्यांना यावर विश्वास ठेवायला जड जातं. पट्टी घेऊन घरातल्या कुणाचं तरी मोजा.

१४९० च्या सुमारास लिओनार्दोने पुरुषाच्या प्रोफाइलवर रेषांची जाळी टाकून अशीच मापं घेतली होती, तो कागद व्हेनिसच्या अकादमीत आहे. त्याने आधार घेतला रोमन वास्तुशास्त्री वित्रुव्हियसचा: हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा शरीराच्या उंचीचा दहावा भाग, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं आठवा भाग. म्हणजे डोकं १५ सेंटीमीटर धरलं तर चेहरा १२. या चेहऱ्याचे तीन सारखे भाग: हनुवटी ते नाकाचा तळ ४, तिथून भुवई ४, तिथून केसांची रेषा ४. उरलेले ३ सेंटीमीटर वर टाळूकडे. डोळ्याची रेषा भुवईच्या जरा खाली, चौरसाच्या बरोबर मध्यावर, साडेसातवर. ओठांची फट नाकाच्या तळापासून साधारण १.३ सेंटीमीटर खाली.

या आडव्या रेषा पुसटशा ओढा आणि मग लगेच त्यांच्यावर संशय घ्या. हात लांब करून, कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजा: यांचं कपाळ खरंच नाकाएवढं आहे? खालचा भाग आखूड आहे? पंधराव्या शतकातल्या इटालियन बायका केसांची रेषा मागे जावी म्हणून कपाळावरचे केस उपटत असत, म्हणून तिथल्या स्त्रीचित्रांत वरचा भाग प्रचंड दिसतो. तुमच्यासमोर बसलेल्या मावशींचं तसं नसेल. प्रमाण म्हणजे मोजायची काठी. साम्य सापडतं ते माणूस त्या काठीपेक्षा जिथे कमीजास्त आहे तिथे.

पाचवी पायरी: कान

नाकाला अजून हात लावायचा नाही.

चौरसाच्या मध्यातून एक उभी रेषा टाका. कानाची पुढची कड या रेषेला लागून, तिच्या मागे येते. उंची भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत, म्हणजे चेहऱ्याचा एक तृतीयांश. लिओनार्दोही कानाला तेवढीच लांबी देतो. आणखी एक तपासणी: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच त्या कोपऱ्यापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंत. कान उभा नसतो, वरून मागे कललेला असतो.

आता कानाच्या भोकावर एक ठिपका द्या. इथून पुढे सगळी मापं या ठिपक्यापासून घ्यायची: भोक ते नाकाचं टोक, भोक ते हनुवटी, भोक ते टाळू, भोक ते मागचा फुगवटा. हा ठिपका डोक्याच्या मधोमध, हाडाला धरून आहे, माणूस बोलला-हसला तरी जागचा हलत नाही. नाकापासून मोजायला लागलात की प्रत्येक चूक मागे ढकलली जाते आणि शेवटी कवटीला जागा उरत नाही. बहुतेक नवशिक्यांचं मागचं डोकं कापलेलं दिसतं ते यामुळेच.

सहावी पायरी: पुढची रेघ, आधी ठिपक्यांत

नाकाचं टोक चौरसाच्या पुढच्या बाजूला टेकवा. भुवईचं हाड त्याच्या साधारण दीड सेंटीमीटर मागे. तिथून एक ओळंबा सोडल्याची कल्पना करा, किंवा खरोखरच दोऱ्याला वजन बांधून हातात धरा. त्या उभ्या दोऱ्याच्या पुढे ओठ येतात की मागे राहतात? हनुवटी किती मागे? प्रत्येक चेहऱ्याचं उत्तर वेगळं, आणि ते उत्तर म्हणजेच तो माणूस.

आता वळणांच्या जागी ठिपके द्या: केसांची रेषा, कपाळाचा सर्वांत पुढचा बिंदू, नाकाचं मूळ, नाकाच्या दांडीचा उंचवटा असल्यास तो, टोक, नाकाचा तळ जिथे ओठाला मिळतो ती जागा, वरच्या ओठाचं टोक, ओठांची फट, खालचा ओठ, त्याखालची खळी, हनुवटी, आणि हनुवटीखालून गळ्याकडे वळायची जागा. ठिपके सरळ रेषांनी जोडा. चेहरा दगडातून काढल्यासारखा कोनाकोनांचा दिसेल, दिसू द्या. कोन बरोबर आल्याशिवाय वळणं देऊ नका. गोलाई सुरुवातीलाच दिली की सगळ्या नाकांचं एकच नाक होतं.

लिओनार्दोने लक्षात ठेवण्यासाठी बाजूने दिसणाऱ्या नाकांचे दहा प्रकार सांगितले होते: सरळ, फुगीर, खोलगट, मध्याच्या वर उंचवटा असलेलं, मध्याच्या खाली उंचवटा असलेलं, गरुडनाक वगैरे. चेहरे स्मरणात ठेवायची ही त्याची युक्ती. बसमध्ये, रांगेत उभं असताना मनातल्या मनात हा खेळ खेळून बघा. उंचवटा वर आहे की खाली एवढं जरी धरता आलं तरी अर्धं नाक हातात आलं.

शंका असेल तर काच वापरा. खिडकीची काच मधे ठेवून, एक डोळा मिटून, डोकं स्थिर ठेवून काचेवर कडा गिरवायची ही युक्ती लिओनार्दोच्या वहीत आहे. चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेर्तीने १४३५ मध्ये त्यासाठी चौकटीत ताणलेलं, धाग्यांनी चौकोन पाडलेलं विरळ कापड सुचवलं होतं. मात्र काचेशिवाय ज्यांना काढताच येत नाही त्यांच्यावर लिओनार्दो चांगलाच घसरला आहे. मीही काच पडताळणीपुरतीच ठेवीन.

सातवी पायरी: डोळा आणि तोंड

बाजूने डोळा बदामासारखा दिसत नाही. तो आडव्या पडलेल्या व्ही अक्षरासारखा, टोक कानाकडे. आधी खोबणीत बसलेला गोल मनात धरा. हा गोल नाकाच्या मुळापासून बराच मागे असतो, आणि हे मागे असणंच विसरलं जातं. वरची पापणी खालच्या पापणीपेक्षा पुढे येते, त्यामुळे व्हीचं तोंड सरळ उभं राहत नाही, वरून खाली मागे झुकतं. बुबुळ उभ्या अरुंद लंबगोलासारखं, पुढच्या कडेला चिकटून. भुवईचे केस एकेक काढायचा मोह टाळा, एक सावळी पट्टी पुरते.

तोंड अर्धंच दिसतं, म्हणून आखूड. त्याचा कोपरा बहुधा डोळ्याच्या पुढच्या भागाखाली येतो, ओळंबा लावून तपासा. वरचा ओठ खालच्यापेक्षा किंचित पुढे. फटीची रेघ कोपऱ्याकडे जाताना गडद होते आणि संपते. नाकपुडीचं भोक काळंभोर भरू नका.

आठवी पायरी: मागचं डोकं, जबडा, मान

कानाच्या ठिपक्यापासून घेतलेल्या मापांनी कवटीचा घेर आधी टक्कल असल्यासारखा काढा. केस त्यावर बसतात, त्यामुळे त्यांचा फुगवटा चौरसाच्या बाहेर गेला तरी चालेल. जबड्याचा कोन कानाच्या पाळीखाली, साधारण तोंडाच्या पातळीला येतो, आणि तिथून हनुवटीकडे जाणारी रेघ खाली उतरत जाते.

मान पुढे झुकलेली असते. मागून ती कवटीला नाकाच्या तळाच्या आसपास मिळते, पुढून मात्र हनुवटीच्याही खाली सुरू होते. दोन्ही टोकं एका पातळीवर काढली की डोकं खांबावर ठेवल्यासारखं दिसतं. मानेच्या मागच्या रेघेचा तिरकेपणा पेन्सिल समोर धरून मोजा. या एका तिरप्या रेघेत माणसाचं वय दिसतं.

केस म्हणजे आधी एक वस्तुमान, मग पाच-सहा मोठे प्रवाह, मग थोड्याच बारीक रेघा. लिओनार्दोने केसांच्या वळणांची तुलना वाहत्या पाण्याशी केली होती. एक ओढ केसांच्या वजनाची, दुसरी वळणाची. गिर्लांदायोने १४८८ साली रंगवलेलं जोव्हान्ना तोर्नाबुओनीचं प्रोफाइल माद्रिदला आहे. त्यात कानावरून सुटलेल्या कुरळ्या बटा आणि मागे घट्ट बांधलेली वेणी, असे दोन वेगळे स्वभाव शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. तुमच्यासमोर अंबाडा असेल तर उत्तमच. तो कवटीच्या घेरावर कुठे बसतो ते दाखवा, हवेत तरंगू देऊ नका.

नववी पायरी: चांदी चालवा

पिसाने किंवा कोरड्या मऊ ब्रशने कोळसा झटका. चेन्निनीही पीसच सांगतो. पुसट छाप उरेल, तिच्यावर चांदीने जा. बाह्यरेषा एका सपाट्यात ओढण्याचा हट्ट नको, ती वळणावळणाला थांबत न्या. पण एकाच जागी चार रेघा ओढून केसाळ कडाही करू नका.

सावली समांतर रेघांनी. उजव्या हाताच्या रेघा डावीकडून खालून उजवीकडे वर जातात. डावखुऱ्या लिओनार्दोच्या उलट्या, डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. त्याच्या रेखाटनांची ती एक ओळख आहे. ब्रिटिश म्युझियममधलं शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचं चांदीचं प्रोफाइल मोठं करून बघितलं तर ते स्पष्ट कळतं. तुमच्या मनगटाला जी दिशा सहज येते तीच पूर्ण चित्रभर ठेवा. जास्त गडद हवं तिथे दाब वाढवू नका, पहिल्या थरावर किंचित कोन बदलून दुसरा थर द्या.

सावली कुठे द्यायची त्याची यादी छोटी आहे: डोळ्याची खोबण, नाकपुडीची मागची बाजू, खालच्या ओठाखाली, कानशील, जबड्याखाली आणि कानामागे. गालावर जवळजवळ काही नको. चेहऱ्याची पुढची कड उठावी म्हणून आतून काळं करण्यापेक्षा बाहेर, मागच्या भिंतीवर, समांतर रेघांची हलकी हॅचिंग करा. कड आपोआप उजळते.

रंगीत अस्तर असेल तर शेवटी बारीक ब्रशने पांढरा गौश: कपाळाचा उंचवटा, नाकाची दांडी, गालाचं हाड, हनुवटी. अस्तराचा रंग हा मधला टोन असतो, म्हणून पांढरं आणि चांदीची गडद रेघ एकमेकांना भिडता कामा नये. मधे अस्तर उघडं दिसलं पाहिजे. पांढऱ्याचा एक थेंब डोळ्यात टाकायची घाई सगळ्यांना असते, तो सर्वांत शेवटी आणि टाचणीच्या टोकाएवढा.

चांदीला फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा, लागत नाही.

लाल खडूने करायचं असेल तर

लाल खडू म्हणजे लोहयुक्त माती, आपल्या गेरूचीच जातभाई. दुकानात सँग्विन पेन्सिल म्हणून मिळतो. याला अस्तर नको, साधा किंचित खरखरीत कागद पुरतो. चांदी फक्त रेघ देते, खडू आडवा धरून मऊ छटाही देतो, त्यामुळे म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या, दाढीवाल्या चेहऱ्यांना तो जास्त शोभतो. टोक सतत घासत राहा. पुसलं तरी डाग राहतोच, म्हणून बांधणी आधी वेगळ्या कागदावर करून घ्यावी. आणि इथे मात्र फिक्सेटिव्ह मारा.

दुसऱ्या कागदावर उतरवणं

बांधणी वेगळ्या कागदावर केली असेल तर ती उतरवायची जुनी रीत सोपी आहे. रेघांवर सुईने तीन-चार मिलिमीटर अंतराने भोकं पाडा. कोळशाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधा, भोकं पाडलेला कागद नव्या कागदावर टेपने पक्का करा आणि पुरचुंडी हलकेच थोपटत न्या. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद वापरलेल्यांना यात नवं काही नाही. कागद उचलण्याआधी एक कोपरा वर करून ठिपके उमटलेत का बघा, कारण पूर्ण उचलल्यावर तो पुन्हा त्याच जागी बसत नाही. मग ठिपके जोडा आणि पूड पिसाने झटका.

पॅरिसच्या लूव्ह्रमधलं, मांतोव्हाच्या राज्यकर्त्याची पत्नी इझाबेल्ला देस्ते हिचं लिओनार्दोने काढलेलं मोठं रेखाटन, सुमारे ६१ बाय ४६.५ सेंटीमीटरचं, अशाच भोकांनी टोचलेलं आहे. १४९९ च्या अखेरीस मिलान सोडून तो मांतोव्हात थांबला तेव्हाचं हे काम. इझाबेल्लाने रंगवलेल्या चित्रासाठी पुढे कित्येक पत्रं पाठवली, पण ते काही तिला मिळालं नाही. चित्रात चेहरा शुद्ध प्रोफाइल, पदकावर असावा तसा. खांदे आणि छाती मात्र जवळजवळ समोर वळलेले.

वरच्या पायऱ्या हाताला सवयीच्या झाल्या की पुढचा सराव याचाच करा. बसणाऱ्या व्यक्तीला खुर्ची तुमच्याकडे वळवून बसू द्या आणि फक्त डोकं भिंतीवरच्या टेपकडे फिरवायला सांगा. आता कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत जाणारा स्नायू दोरीसारखा ताणलेला दिसेल. दूरचा खांदा जवळच्यापेक्षा आखूड दिसेल. डोक्यासाठी वापरलेला चौरस तसाच ठेवा, पण गळ्याच्या खाचेतून एक वेगळा ओळंबा सोडा आणि तो कानाच्या ठिपक्यापासून किती पुढे पडतो ते आधी मोजा. या स्थितीत मान लवकर दुखते, म्हणून वीस ऐवजी दहा मिनिटांनी विश्रांती द्या, आणि चेहरा नव्हे, मान आणि खांदे आधी काढून घ्या.